मामांच्या बाजूचा ब्रेक

माझे मामा लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. गाडी एकच, पांढरी, लहानशी, आणि शाळा म्हणजे तीच. दर दोन वाक्यांमागे 'सावकाश' म्हणायची त्यांना सवय, म्हणून लोकांनी त्यांचं नाव 'सावकाश सर' पाडलं. नाव चेष्टेने पाडलेलं, पण मामांनी ते गाडीच्या मागच्या काचेवर रंगवूनच घेतलं. चेष्टा करणाऱ्याचं तोंड असंही बंद करता येतं हे मला तेव्हा कळलं. मला स्वतःला ते कधी जमलं नाही. मी तिथल्या तिथे सुनावते आणि मग घरी येऊन पाणी पिते.

माझी नोकरी त्यांच्याच शहरात लागली म्हणून मी मामा-मामींकडे राहायला आले. घर पहिल्या मजल्यावर, चार रस्ते एकत्र येतात त्या चौकावर. घर कसलं, हॉर्नचं गोदाम. सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागचा पुढच्याच्या नावाने शंख करायला लागायचा. पुढचा त्याच्या पुढच्याच्या नावाने. बोलता बोलता आम्ही तिघंही मध्येच थांबायचो आणि आवाज ओसरला की वाक्य तिथूनच उचलायचो. ट्रक गेला की स्वयंपाकघरातल्या फळीवरचे काचेचे पेले एकमेकांना लागायचे, म्हणून मामीने प्रत्येक दोन पेल्यांच्या मध्ये जुन्या कापडाची घडी घालून ठेवली होती.

मामी शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर हिंडेन, मैत्रिणींकडे जाईन, असं ठरवून बसलेली. आणि एका सकाळी फुटपाथवरून, हो, फुटपाथवरून, उलट्या दिशेने एक मोटरसायकल आली. आरशात तिच्या पिशवीचा बंद अडकला आणि ती चार-सहा पावलं फरफटत गेली. तो बाबा थांबला. मदतीला नाही. "आजी, दिसत नाही का तुम्हाला?" असं विचारायला थांबला. मी तिथे नव्हते ते त्याचं नशीब.

दुखावलेलं कोपर बरं झालं, भीती काही बरी झाली नाही. मामीचं बाहेर जाणं म्हणजे जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत जाणं झालं. तिथे उभी राहून ती रस्त्याकडे बघायची आणि परत वर यायची. मैत्रिणी आधी येत होत्या, मग फोन करू लागल्या, मग तेही थांबलं. जिच्या आवाजाला अख्खा वर्ग चळचळा कापायचा ती बाई दुपारी चार वाजले तरी केस विंचरायची नाही. मामा गाडी लावून वर यायचे, तिच्याकडे एकदा बघायचे आणि खिडकीशी जाऊन खालच्या गाड्यांना शिव्या द्यायचे. या माणसाच्या तोंडून मी शिव्या ऐकल्या त्या फक्त त्या खिडकीत.

एकदा मी आणि मामा चौक ओलांडत होतो. पांढऱ्या पट्ट्यांवरून, आमचा सिग्नल असताना. एक गाडी करकचून ब्रेक दाबत माझ्या गुडघ्यापाशी येऊन थांबली. मी तोंड उघडणार तेवढ्यात काच खाली झाली आणि आतला गृहस्थ आनंदाने ओरडला, "सर! ओळखलंत का? तुमच्याच हाताखाली शिकलो! अजून एक ओरखडा नाही गाडीला!" मामांनी मान हलवली. तो दोन गाड्यांच्या मधून वाट काढत, तिसऱ्याला दाबत निघून गेला.

 घरी येऊन बूट काढताना मामा एवढंच म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ." मला वाटलं विनोद करताहेत. मी हसले.

त्याच आठवड्यात मामांनी ठरवलं की हे शहर सोडायचं. शहराबाहेरच्या तलावाच्या पलीकडे डोंगर आहे. त्या डोंगरावर एक गाव, आणि रस्ता त्या गावाशीच संपतो, म्हणजे गावातून पुढे कुठेही जाता येत नाही. "जिथून पुढे जाता येत नाही तिथे घाई कोण करणार?" मामा म्हणाले. तिथलं एक घर विकायचं होतं. आम्ही तिघं बसने बघायला गेलो. सगळ्या वाटेत मामीने डोळे मिटून माझं मनगट धरून ठेवलं होतं. उतरल्यावर मनगटावर तिच्या बोटांचे वळ होते.

आणि तिथे काय झालं, तर मामी बसमधून उतरली, इकडेतिकडे पाहिलं आणि चालायला लागली. समोरून एक म्हातारी बाई येत होती, रस्त्याच्या मधोमध, चालता चालता लोकर विणत. सुयांकडे बघत नव्हती आणि रस्त्याकडेही नाही.

"तुम्ही इथे रस्त्याच्या मधून चालता?" मामीने विचारलं.

"मग कुठून चालायचं?" म्हातारीला प्रश्नच कळला नाही.

मामी हसली. किती दिवसांनी हसली ते मी आणि मामांनी एकमेकांकडे बघूनच मोजलं. घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मोरीजवळचा गिलावा सुटलेला, एक दार भिंतीला घासणारं. मामीने ते दार दोनदा उघडून लावून बघितलं आणि म्हणाली, "हे तासून घेता येईल." मामांनी तेवढ्यावरून घर पक्कं केलं. त्या विणणाऱ्या आजी शेजारच्याच निघाल्या. "या लवकर राहायला," त्या म्हणाल्या, "तुमच्या चुलीचा धूर दिसला की मला बरं वाटेल."

अडचण एकच, पण चांगलीच मोठी. दुकान, डॉक्टर, औषधं, सगळं खाली पायथ्याला. बस कधी येते ते बसलाच माहीत. गाडीशिवाय तिथे दोन म्हाताऱ्यांचा निभाव लागणं शक्य नव्हतं, आणि मामांच्या डोळ्यांचं काही खरं नव्हतं. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण कडेचं हळूहळू मिटत चाललं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, अजून थोडे महिने, मग गाडीला हात लावायचा नाही. म्हणजे चालवणार कोण? अर्ध्या शहराला गाडी शिकवलेल्या माणसाच्या बायकोने कधी स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"मला?" मामी म्हणाली. "अहो, मला रस्ता ओलांडता येत नाही आणि गाडी चालवू?"

"ओलांडण्यापेक्षा सोपं आहे. आत असलं की निदान भोवती पत्रा तरी असतो."

आता मामांची शिकवायची रीत सांगते, कारण सगळं तिथेच आहे. शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक शिकवणाऱ्याच्या. बाकीचे मास्तर लोक ब्रेक दाबतात आणि वर ओरडतात, "मेलो असतो की आत्ता!" शिकणारा आधीच घाबरलेला, तो आणखी गारठतो. मामा ओरडायचे नाहीत. धोका दिसला की ते आपल्या बाजूचा ब्रेक इतक्या अलगद दाबायचे की शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबवली. आणि वर मामा म्हणायचे, "वा! अगदी वेळेवर." मामांच्या गाडीतून रडत कुणी उतरलं नाही. भित्रे लोक, वय झालेले लोक, दुसरीकडून रडून आलेले लोक, सगळे त्यांच्याकडे यायचे. शेवटच्या काही दिवसांत मामा पाय मागे घ्यायचे, सीटखाली दुमडून ठेवायचे, आणि मग शिकणारा खरा शिकायचा. निदान रीत तशी होती. पण अलीकडे गर्दी इतकी वाढली होती की पाय मागे घ्यायला त्यांचा जीव व्हायचा नाही.

मामी शिकू लागली. पहिल्या दिवशी ती घामाने भिजून वर आली आणि म्हणाली, "मी सिग्नलला थांबवली! अगदी रेघेवर!" मामा मागे उभे राहून मान डोलवत होते. आठवड्याभरात ती सकाळी केस विंचरून, चपला घालून तयार बसू लागली. दुसऱ्या महिन्यात मैत्रिणीला फोन करून म्हणाली, "अगं, काही नसतं त्यात. आपण उगाच भितो." मला खरंच आनंद झाला होता. ती जिना उतरताना गुणगुणायची.

मग एका रविवारी मी त्यांच्याबरोबर मागच्या सीटवर बसले. पाच मिनिटांत मी जीव मुठीत धरून बसले. माझी मामी, जिने उभ्या जन्मात कुणाला अरेतुरे केलं नाही, ती पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून चालली होती. हॉर्नवरचा हात काढत नव्हती.

"हल की रे बाबा! झोपलास का?" मामी म्हणाली. मग मला म्हणाली, "पुढच्याला जरा चेपल्याशिवाय तो हलत नाही बघ."

"मामी, जरा लांब राहा ना. तो थांबला तर?"

"थांबला तर मी पण थांबते की. माझा ब्रेक फार चांगला आहे. विचार तुझ्या मामांना."

तो थांबला. मामी अजून हॉर्नच वाजवत होती. आणि मी पाहिलं, मामांचा पाय अलगद खाली गेला, गाडी थांबली, आणि मग मामीचा पाय ब्रेकवर आला. "बघितलंस?" ती आरशातून मला म्हणाली.

घरी आल्यावर मी मामांना स्वयंपाकघरात गाठलं. पोटात ठेवणं माझ्या रक्तातच नाही.

"मामा, ती थांबवत नाही. तुम्ही थांबवता."

"हळू बोल. शेवटच्या आठवड्यात पाय काढतो."

"हाच शेवटचा आठवडा आहे."

"काल काढून पाहिला गं," मामा म्हणाले. "समोर एक सायकलवाला आला. नाही राहवलं." त्यांनी बाहेरच्या खोलीकडे बघितलं. तिथे मामी फोनवर कुणाला तरी गिअरबद्दल सांगत होती. "तिचा चेहरा बघ. आता सांगितलं की तुला येत नाही, तर पुन्हा जिन्याखाली उतरायची नाही ती. आणि तिकडे कोण आहे आडवं यायला? रिकामा रस्ता. रिकाम्या रस्त्यावर माणूस आपोआप शिकतो."

मी सांगून बघितलं, भांडून बघितलं, शेवटी हात टेकले. परीक्षा मोकळ्या मैदानावर होती, तिथे घाई नाही की गर्दी नाही. मामी पहिल्या फटक्यात पास झाली. मामांनी एका ओळखीच्या माणसाकडून जुनी पण धडधाकट गाडी घेतली. तिला अर्थातच ब्रेक एकच होता.

घराच्या किल्ल्या घ्यायला आम्ही त्याच गाडीतून निघालो. शहरातून आणि तलावाच्या कडेने मामांनी चालवली. पायथ्याशी आल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि मामीच्या बाजूचं दार उघडून म्हणाले, "चल. तुझ्या घरी तूच ने आता." मामीने सीट पुढे घेतली, आरसा वळवला आणि निघाली. मामा शेजारी, मी मागे.

रस्ता खरंच रिकामा होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दगडी बांध. मामी रंगात आली होती. प्रत्येक वळणावर हॉर्न, वळण सरलं की वेग. "सावकाश," मामा म्हणाले. "अहो, रस्ता मोकळा आहे," ती म्हणाली. गावात शिरलो. शेवटचं वळण घेतलं आणि समोर शेजारच्या आजी होत्या. रस्त्याच्या मधोमध, पाठमोऱ्या, विणत चाललेल्या.

मामीने हॉर्न वाजवला. आमच्या चौकात हॉर्न म्हणजे बाजूला हो. तिथे हॉर्न म्हणजे कुणीतरी हाक मारली. आजी बाजूला झाल्या नाहीत. त्या थांबल्या आणि कोण आलंय ते बघायला वळल्या. आम्हाला ओळखलं असावं, कारण त्या हसल्या.

मामांचा पाय गाडीच्या तळावर आपटल्याचा आवाज मला मागे ऐकू आला. एकदा, मग आणखी जोरात एकदा. हातब्रेक त्यांच्या मांडीजवळच होता, पण अशा वेळी तो ओढायचा हे त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. त्यांनी आयुष्यभर गाडी पायानेच वाचवली होती. "थांब" असं ओरडलेही नाहीत, कारण तीही सवय नव्हती. मामीचा पाय ब्रेकवर आला तो नेहमीच्याच वेळेला आला.

आजी वाचल्या, एवढंच चांगलं सांगण्यासारखं आहे. कमरेचं हाड मोडलं. मामांनी त्यांना त्याच गाडीतून खाली दवाखान्यात नेलं. मी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्या कण्हत नव्हत्या. मधूनच विचारत होत्या, "काय झालं? गाडी कुणाची होती?" मामी पुढे बसून समोर बघत राहिली. पोलिसांनी नोंद घेतली, मामीचा परवाना काढून घेतला.

पंधरवड्याने आम्ही त्यांना भेटायला गेलो, बसने. त्यांच्या मुलाने आम्हाला दारातच थांबवलं. मला वाटलं होतं ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बघत म्हणाला, "आई आता आधाराशिवाय चालणार नाही म्हणतात. तुम्ही घर घ्या, आमची ना नाही. आईपण काही बोलत नाही. फक्त गाडी वर आणू नका. इथे सगळे असेच चालतात, त्यांना आता नवीन काय शिकवणार?" मामा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." परत आल्यावर त्यांनी घर नको म्हणून कळवून टाकलं.

मामीला मात्र आपली चूक पटत नव्हती. तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, की गाडीच्या ब्रेकमध्ये खोट होती. मामांनी मेकॅनिकला बोलावून तपासून घेतलं. तो म्हणाला, ब्रेक ठणठणीत आहेत. मामी म्हणाली, तो मेकॅनिक त्या गाडी विकणाऱ्याचाच माणूस असणार. रोज एकच विषय. त्या विकणाऱ्यावर तक्रार करायची, त्याला त्या म्हातारीसमोर उभं करायचं. तो बिचारा साधा कारकून, स्वतःची वापरती गाडी विकलेला.

"तुम्ही जाणार आहात का नाही त्याच्याकडे?" एका संध्याकाळी तिने मामांना विचारलं. "का मी जाऊ? मी दाबला होता ब्रेक. इतके महिने रोज दाबत होते, रोज वेळेवर थांबत होती गाडी. त्याच दिवशी कशी थांबली नाही?"

मामा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. खाली सिग्नल सुटला होता आणि नेहमीचा आरडाओरडा चालू होता. तो कमी होईपर्यंत ते थांबले. मी उठून जाणार होते, पण त्यांनी मला हाताने बस म्हणून सांगितलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. रेघेवर थांबलेल्या गाडीसकट.

मामीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शिक्षिकेच्या आवाजात तिने फक्त दोनच प्रश्न विचारले. "हिला माहीत होतं?" माझ्याकडे न बघता.

"हो. ही सांगा म्हणत होती."

"मग का नाही सांगितलंत?"

"तू रडली असतीस," मामा म्हणाले. "सोडून दिलं असतंस."

"रडले असते हो," मामी म्हणाली. "दोन दिवस रडले असते. आणि मग शिकले असते."